दोन्ही हातांनी

अण्णा दार दोन्ही हातांनी उघडतात. चहाचा कप दोन्ही हातांनी घेतात आणि रिकामा झाला की दोन्ही हातांनीच परत करतात. भाजीवालीकडून दोन लिंबं घ्यायची असली तरी तळहात शेजारी शेजारी जोडून पुढे धरतात. ही भाजीवाली आमच्या गल्लीत कोणाशीच सरळ तोंडाने बोलत नाही, पण अण्णांच्या ओंजळीत लिंबं ठेवताना तीसुद्धा जरा वाकते.

"काय रीत आहे हो माणसाची," ती मला एकदा म्हणाली. "नाहीतर बाकीची गिऱ्हाइकं. पिशवी लांबून धरतात आणि टाक म्हणतात."

मी नुसती मान डोलावली. जन्मभर रंगभूमीवर काम केलेल्या बाईला एवढं तरी कळतं, की समोरच्याला मुखवटा आवडला असेल तर तो कशाचा केलाय हे सांगत बसू नये. अण्णांचा तर मुखवटाही नव्हता, साधी सवय होती. ती कुठून आली हे लिहायला त्यांनी आता परवानगी दिली आहे. "लिहा की बाई," म्हणाले, "फक्त मला उंच करू नका. मी आहे एवढाच बरा आहे."

तर अण्णा आहेत एवढेच सांगते. ठेंगणे, मांड्या अजून भक्कम, केस गेलेले, आणि हात असे की पहिल्यांदा हस्तांदोलन करणारा माणूस दचकतो. किल्ल्यांचा जुडगा हातात आल्यासारखं वाटतं. दहांपैकी सात बोटं कधी ना कधी मोडलेली आणि आपल्या मर्जीने जुळलेली. उजवी करंगळी तर सरळ शेजारच्या घराकडे बघते. हे हात यष्टिरक्षकाचे आहेत. फलंदाजाच्या पाठीमागे, तीन यष्ट्यांच्या आड उकिडवं बसून येईल तो चेंडू झेलायचा, हे काम अण्णांनी अठरा वर्षं केलं. त्यातले अकरा सामने देशाकडून.

या कामाला ते लागले ते वडिलांमुळे. वडील खिडक्यांच्या काचा बसवायचे. खांद्याला काचांची चौकट, कमरेला पुट्टीचा डबा, आणि सगळ्या वस्तीत तेवढा एकच काचवाला. पोरांच्या खेळात कुणाची काच फुटली की लोक हसून म्हणायचे, "काचवाल्याच्या पोराने बापाला काम मिळवून दिलं." वडील भिडस्त. त्यांना ते लागायचं. एके दिवशी त्यांनी मुलाला बखोटीला धरून मैदानात नेलं, यष्ट्यांच्या मागे उभं केलं आणि म्हणाले, "तुझ्या मागे सगळ्यांच्या खिडक्या आहेत. इथून पुढे एकही चेंडू जाता कामा नये."

"मग, नाही गेला?" मी विचारलं होतं.

"सुरुवातीला गेले चार-पाच," अण्णा म्हणाले. "त्या काचा वडिलांनी फुकट बसवून दिल्या, आणि दर वेळी मला शिडी धरायला नेलं. शिडी धरून माणूस लवकर शिकतो."

पुढे शाळा, क्लब, आणि मग देशाचा संघ. हे सगळं अण्णा तीन वाक्यांत उरकतात. त्यांना रस असतो तो आतल्या गोष्टींत. चेंडू पकडायचा नसतो, त्याला येऊ द्यायचं असतं, असं ते म्हणतात. हात पुढे काढून झडप घातली की चेंडू दुखावतो आणि बोटं मोडतात. हात जरा मागे नेत त्याला सामावून घ्यायचं. यष्टिरक्षकाच्या मोठ्या ग्लव्हजच्या आत आणखी एक मऊ चामड्याचा जोड असतो, तो पाण्यात भिजवून पिळून घालायचा, म्हणजे तो कातडीसारखा बसतो. अण्णांचे हे आतले जोड बाहेरून आणलेले नसायचे. घरी शिवलेले असायचे.

ते शिवणारी म्हणजे त्यांची बायको. हिला मी अण्णांच्या आधीपासून ओळखते. आमच्या नाटक कंपनीत कपडेपटाची सगळी शिवण तिच्याकडे होती. विसाव्या वर्षी आली, आणि आठवड्याभरात आमच्या नायकाला सगळ्यांदेखत म्हणाली, "बटण तुटलं तर सांगायचं असतं, पोट पुढे काढून लपवायचं नसतं." त्या दिवसापासून सगळी कंपनी तिला काकू म्हणायला लागली. मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी, तरी मीही काकूच म्हणते. तोंडात टाचण्या धरूनही ती स्पष्ट बोलू शकायची, ही कला मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. प्रयोग चालू असताना ती विंगेत स्टुलावर बसायची, सुईत दोरा ओवून तयार. नाटक तिने कधी समोरून पाहिलं नाही. नट शेवटी पुढे येऊन हात वर करतो, टाळ्या पडतात, मग कपडे परत गोळा करायचे, एवढं तिला पाठ होतं.

हे लक्षात ठेवा. कारण त्यानेच सगळं झालं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नाला तीन वर्षं झालेली. सुट्टीच्या दिवशी आमचे प्रयोग आणि सुट्टीच्या दिवशीच त्यांचे सामने, त्यामुळे काकूने नवऱ्याचा खेळ एकदाही पाहिला नव्हता. त्या आठवड्यात आमच्या नाट्यगृहातल्या रंगमंचाच्या फळ्या बदलायला काढल्या होत्या आणि काम बंद होतं. अण्णांनी पास आणून दिला. काकू बाहेरच्या बाजूची जागा धरून स्टँडमध्ये जाऊन बसली, थर्मास मांडीवर, विणकाम हातात.

सामना शेवटच्या घटकेला आला. पाहुण्या संघाची शेवटची जोडी मैदानात, त्यांना जिंकायला तीन धावा, आम्हाला एक बळी. फलंदाज उंच होता, ताडासारखा, म्हणून आमचे खेळाडू त्याला लंबू म्हणायचे. आमच्या फिरकी गोलंदाजाने चेंडू टाकला. लंबू तीन ढांगा पुढे आला, बॅट फिरवली, चेंडू वळून बाहेरून निघून गेला. मागे अण्णा. त्यांनी उजव्या हातात चेंडू अलगद घेतला. लंबू इतका पुढे गेला होता की मागे वळायलाही त्याला वेळ नव्हता. यष्ट्या अण्णांच्या डाव्या बाजूला होत्या, आणि डावा हात जवळ होता. अण्णांनी डाव्या हाताने यष्ट्या पाडल्या.

नियम असा आहे, की ज्या हातात चेंडू असेल त्या हाताने पाडायच्या. दोन्ही हात एकत्र असले तरी चालतं. पण चेंडू उजव्या हातात आणि यष्ट्या पाडल्या रिकाम्या डाव्या हाताने, तर फलंदाज बाद नाही. तेव्हाही चूक दुरुस्त करता आली असती. चेंडूच्या हाताने एक यष्टी जमिनीतून उपटली असती तरी भागलं असतं. पण अण्णा दोन्ही हात आभाळाकडे करून नाचत होते. पंचांनी मान हलवली. लंबू वळला आणि शांतपणे चालत आपल्या जागी परत आला.

सगळं मैदान क्षणभर ओरडलं आणि मग एकदम गप्प झालं. अशी शांतता मी रंगभूमीवर दोनदा अनुभवली आहे, दोन्ही वेळा नट वाक्य विसरला होता. आणि त्या शांततेत एकच माणूस टाळ्या वाजवत होता. काकू. तिने काय पाहिलं? नवरा पुढे आला, हात वर केले. मग टाळ्या वाजवायच्या. ती चांगली उभी राहून वाजवत होती. लोक माना वळवून बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "ही त्यांच्याकडची दिसते." दुसरा म्हणाला, "अहो कसली त्यांच्याकडची, ह्याचीच बायको आहे ती." आणि स्टँडभर हशा झाला.

पुढच्या चेंडूवर लंबूने चौकार मारला. सामना गेला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात अण्णांच्या डाव्या हातावर अर्धा रकाना होता, आणि तळाशी एक ओळ काकूच्या टाळ्यांवर.

अण्णांना देशाच्या संघात पुन्हा बोलावणं आलं नाही. घरी या विषयावर कोणी बोललं नाही. काकू पुन्हा कधी मैदानात गेली नाही. अण्णा पुढे सहा वर्षं क्लबसाठी खेळले, तेव्हाही नाही. काकू दर वर्षी आतल्या ग्लव्हजचा नवा जोड मात्र शिवून द्यायची.

खेळ संपल्यावर अण्णांना बस डेपोत नोकरी लागली, हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या खिडकीवर. डेपोच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली, भिंतीला लोखंडी रॅक, प्रत्येक वस्तूला दोऱ्याने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल. पहिल्याच दिवशी एक कंडक्टर बसमध्ये राहिलेली छत्री घेऊन आला. ओळखीचा चेहरा पाहून त्याला राहवलं नाही.

"अण्णा, कोणत्या हातात देऊ?"

मागच्या बाकावरचे ड्रायव्हर फिस्सकन हसले. अण्णांनी दोन्ही हात जोडून पुढे केले.

"दोन्हींत दे," म्हणाले.

महिनाभर प्रत्येक कंडक्टरने तोच विनोद केला आणि महिनाभर अण्णांनी तेच उत्तर दिलं. मग विनोद झिजला आणि हात तसेच राहिले. बावीस वर्षं त्या खिडकीतून प्रत्येक वस्तू अण्णांनी दोन्ही हातांनी घेतली आणि दोन्ही हातांनी परत केली. लोकांना ते फार आवडायचं. आपली फाटकी छत्री कुणी अशी परत देताना पाहिली की माणूस तिच्याकडे नव्या नजरेने बघतो. मी एकदा माझा चष्मा आणायला गेले होते, तेव्हा रॅकवर एक कुबडी दिसली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"तीच तर गंमत आहे, बाई," अण्णा म्हणाले. "चढताना होती, उतरताना विसरला. मग चालत कसा गेला? चार वर्षं झाली, मी रोज त्याची वाट बघतोय. कुबडी द्यायला नाही, विचारायला."

अण्णा सुखी माणूस आहेत हे मला त्या खोलीत कळलं. लेबल लावलेल्या कवळ्या, एका पायातले बूट, कुणाचं तरी लग्नाचं आमंत्रण, आणि त्यात उकिडवं बसून खालच्या कप्प्यात काहीतरी शोधणारे अण्णा. डेपोतली पोरं त्यांना अकरा सामन्यांबद्दल विचारायची आणि ते हसत हसत डाव्या हाताची गोष्टही सांगायचे. ती गोष्ट त्यांना सलत नव्हती. सलत होतं ते वेगळंच, आणि ते मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

गेल्या वर्षी त्यांच्या जुन्या कप्तानाचा फोन आला. तेव्हाच्या पाहुण्या संघातल्या जुन्या खेळाडूंचा एक जथा येणार होता, दहा-दहा षटकांचा मैत्रीचा सामना, त्याच मैदानावर. लंबूही येणार होता. लंबूने कळवलं होतं, की मागे तोच यष्टिरक्षक उभा राहणार असेल तरच मी बॅट धरीन.

अण्णा त्या दुपारी माझ्याकडे आले. ते तिसऱ्या मजल्यावर, मी दुसऱ्या. खुर्चीवर बसले, कप दोन्ही हातांत.

"कप्तानाला नाही म्हणालो," ते म्हणाले. "गुडघे नाहीत म्हणून सांगितलं."

"गुडघ्यांना काय झालंय? काल माझ्या पलंगाखालून मांजर काढलंत."

"गुडघे ठीक आहेत." त्यांनी कप खाली ठेवला. "मी हिला म्हणालो, तू स्टँडमध्ये येऊन बसणार असशील तर खेळतो. ही म्हणाली, मला काय कळतं त्यातलं, तुम्ही जा. बाई, बेचाळीस वर्षं झाली. माझ्यापायी तिच्यावर सगळं मैदान हसलं. त्यानंतर तिने माझा खेळ बघायचं नाव काढलं नाही. मी तरी कोणत्या तोंडाने म्हणणार? पण आता वय झालंय. एकदा तिने यावं, माझ्याकडे बघत बसावं, आणि कुणी हसू नये. एवढंच होतं मनात. ते नसेल तर मला त्या मैदानात काय करायचंय?"

दुसऱ्या दिवशी मी कोटाचं अस्तर उसवून घेतलं आणि वर गेले. अस्तर मी स्वतः उसवलं होतं हे काकूने बघताक्षणी ओळखलं.

"हे फाटलेलं नाही, बाई. कात्रीने कापलंय. काय विचारायचंय ते विचारा."

मी विचारलं. काकूने टाचण्या तोंडातून काढून उशीत खोचल्या. म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"मी कशाला जाऊ?" ती म्हणाली. "तिथे त्यांची चूक झाली ती झाली. चूक सगळ्यांची होते. पण त्यात त्यांना पुन्हा माझी भर. सगळे गप्प बसलेत आणि ह्यांची बायको टाळ्या पिटतेय. पेपरात आलं. त्यांना किती मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल. एक शब्द बोलले नाहीत मला. बोलले असते तर बरं झालं असतं. आता पुन्हा तिथे बसायचं आणि पुन्हा काहीतरी भलत्या वेळी करायचं? नको."

मला हसू यायला लागलं, आणि तेवढंच रडू. एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना दोघं बेचाळीस वर्षं एकमेकांची माफी मागत बसली होती.

पण अण्णांचं गुपित त्यांचं होतं, ते मी सांगायचं नव्हतं. मी माझ्या धंद्यातलं सांगितलं.

"काकू, मी आयुष्यभर टाळ्या ऐकल्या. एकाने वाजवली म्हणून दुसऱ्याने, दुसऱ्याने म्हणून सगळ्यांनी. त्या चांगल्याच असतात, त्यांच्यावर आमचं घर चालतं. पण भलत्याच ठिकाणी, एकट्याने, कुणाकडे न बघता कधीतरी एक टाळी येते. ती आली की आम्ही विंगेत जाऊन विचारायचो, कोण होतं रे ते? ती टाळी प्रयोगाला नसते. ती आपल्याला असते."

"आणि प्रयोग बिघडतो त्याचं काय?"

"तो तसाही बिघडलेलाच असतो," मी म्हणाले.

काकूने अस्तर ओढून घेतलं आणि टाके घालायला लागली. मला वाटलं, आपलं भाषण वाया गेलं. तशी माझी बरीच गेली आहेत.

चार दिवसांनी अण्णा धापा टाकत खाली आले. हातात कागद. वर्तमानपत्राच्या कागदावर शिंप्याच्या खडूने दोन हात काढले होते. वाकडी करंगळी, मधल्या बोटाची गाठ, अंगठ्याचं बाहेर आलेलं हाड, सगळं जसंच्या तसं.

"सकाळी उठलो तर म्हणाली, टेबलावर हात ठेवा," अण्णा म्हणाले. "मी म्हटलं, कशाला? म्हणाली, जुनं माप आता बसणार नाही. तुमची बोटं बदललीत." त्यांनी तो कागद माझ्यासमोर धरला, अर्थातच दोन्ही हातांनी. "बाई, ती आतला जोड शिवतेय. कपाटात मऊ चामडं ठेवलं होतं तिने. कधीपासून ठेवलं होतं कोण जाणे."

"मग कप्तानाला फोन करा."

"केला. गुडघे आले म्हणून सांगितलं."

सामन्याच्या दिवशी आम्ही दोघी स्टँडमध्ये बसलो. फार लोक नव्हते. खेळाडूंची नातवंडं, क्लबची मंडळी, डेपोतले सातआठ निवृत्त कंडक्टर. काकूने थर्मास मांडीवर घेतला होता, पण विणकाम आणलं नव्हतं. हात पदराखाली एकमेकांत घट्ट धरून बसली होती. मी ओळखलं. हातांनी काही भलतंसलतं करू नये म्हणून बंदोबस्त होता तो.

मैदानात उतरले ते सगळे आजोबा. कुणाचं पोट पुढे, कुणाची पाठ मागे. कप्तानाने नाणं उडवलं आणि ते शोधायला चौघांना वाकावं लागलं. अण्णा यष्ट्यांच्या मागे जाऊन उकिडवे बसले. इतर सगळे म्हातारे दिसत होते, अण्णा मात्र बसल्याबरोबर बत्तीस वर्षांचे झाले. पहिला चेंडू त्यांच्या पायांतून गेला. मागून एक कंडक्टर ओरडला, "अण्णा, खिडक्या सांभाळा." अण्णांनी मागे न बघता हात हलवला. पुढचा त्यांनी घेतला, हात जरा मागे नेत. काकूने श्वास सोडला.

"आवाज झाला नाही," ती म्हणाली. "चामडं बरं बसलंय."

मग लंबू आला. आता तो ताड वाकला होता, पण अजून ताडच होता. त्याने अण्णांना पाहिलं, बॅट काखेत मारली आणि दोन्ही हात पुढे केले. अण्णांच्या सवयीची त्याला कल्पना असणं शक्य नव्हतं. दोघे क्षणभर तसेच चारही हात गुंतवून उभे राहिले. पुढे यष्ट्यांपाशी जे बोलणं झालं ते मला अण्णांनी नंतर सांगितलं. त्यांची भाषा वेगळी, आमची वेगळी, दोघांना मिळून तिसरी थोडी थोडी येते. त्यामुळे शब्द माझे आहेत, मतलब त्यांचा.

तोच फिरकी गोलंदाज, आता सत्तरीचा. त्याने चेंडू टाकला. लंबू तीन ढांगा पुढे आला आणि बॅट फिरवलीच नाही. चेंडूला जाऊ दिलं आणि पुढे तसाच उभा राहिला, पाठमोरा. अण्णांच्या हातात चेंडू आला. यष्ट्या एका हातावर. पंचाने बोट वर करायची तयारीही केली होती.

अण्णा हलले नाहीत.

"पाड की," लंबू मान वळवून म्हणाला. "मला दुसरं काही देता येत नाही."

"आत ये," अण्णा म्हणाले.

"अरे, बेचाळीस वर्षं घरी सगळ्यांना सांगतोय, की मी तेव्हा बाद होतो."

"नव्हतास. पंचांचं बरोबर होतं. आत ये, आणि नीट खेळ."

लंबू मान हलवत परत आला. स्टँडमध्ये कुणाला काही कळेना. काकूचे हात पदराखाली होते ते तिथेच राहिले.

पुढचा चेंडू लंबू खरा खेळला. ढांग टाकली, बॅट फिरवली आणि चुकला. चेंडू वळून बाहेरून आला, जसा तेव्हा आला होता. अण्णांनी तो घेतला, उजव्या हातात. डावा हात यष्ट्यांजवळ होता. तो त्यांनी मागे ओढला, उजव्याला नेऊन जोडला, आणि दोन्ही हात मिळून यष्ट्यांवर आले. बेल्स उडाल्या. अण्णांनी दोन्ही हात वर केले.

पंच बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान हलवली. लंबूचा पाय रेषेच्या आत परत आला होता. एका बोटाने आला असेल, पण आला होता. डावा हात मागे ओढून उजव्याला जोडायला जो निमिष लागला, तेवढ्यात आला होता.

मैदान गप्प झालं. काय करावं, हसावं की हळहळावं, कुणालाच सुचेना.

माझ्या शेजारी टाळ्या वाजायला लागल्या. काकू उभी राहिली होती. थर्मास घरंगळत पुढच्या पायरीवर गेला होता आणि ती दोन्ही हातांनी, मन लावून टाळ्या वाजवत होती. लोकांनी माना वळवल्या. मी उठायला गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. त्या टाळ्यांत माझ्या टाळ्या मिसळायच्या नव्हत्या. कोणी हसलं नाही. खाली अण्णा आमच्या स्टँडकडे बघत होते, हात अजून वरच, आणि त्यांच्या पलीकडे लंबू बॅट जमिनीवर टाकून पोट धरून हसत होता.

डाव संपल्यावर अण्णा पॅव्हेलियनच्या पायरीवर येऊन बसले. घामाने निथळत होते. काकूने थर्मासचं झाकण उघडलं.

"आउट होता का तो?" तिने विचारलं.

"नव्हता."

"म्हणजे आजही नाही?"

"आजही नाही. दोन हातांनी जरा वेळ लागतो."

काकूचा चेहरा पडला. "म्हणजे मी पुन्हा चुकीच्या वेळी..."

"त्या दिवशीही ऐकल्या होत्या मी," अण्णा म्हणाले. "तेवढा एकच आवाज होता मैदानात. मला वाटलं, माझ्यापायी तुला खाली बघावं लागलं. म्हणून कधी बोललो नाही."

"मला वाटलं, माझ्यापायी तुम्हाला."

मग काकूच्या लक्षात आलं की नवऱ्याने वरचे ग्लव्हज काढलेत, पण आतला ओला जोड अजून हातातच आहे.

"हात द्या इकडे," ती रागावून म्हणाली, आणि त्यांचा डावा हात मांडीवर ओढून आतला जोड बोटाबोटाने सोडवायला लागली. "भिजलं की आकसतं ते. बोटं अडकून बसतील. काही कळत नाही तुम्हाला."

"नाही कळत," अण्णा म्हणाले.

मी चहा ओतून कप पुढे केला. डावा हात तिच्याकडे गुंतलेला होता. अण्णांनी कप उजव्या हातात घेतला, एकट्या उजव्या हातात, आणि एक थेंबही न सांडता प्याले.